दरियाकडून दर्याकडे

(प्रस्तुत पाठात मुंबई ते गोवा या छोट्या सागरी सहलीची माहिती दिली आहे. मित्रांबरोबर सहलीला जाताना तयारी कशी करावी, जहाजावर कसे वागावे आणि एकमेकांची काळजी कशी घ्यावी, हे या पाठातून समजते.)



उर्दूत 'दरिया' म्हणजे नदी. हा शब्द मराठीतही आला आहे. पण मराठीत त्याचा अर्थ बदलला. मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र. कोळी लोक समुद्राला 'दर्या' म्हणतात आणि समुद्रावर संचार करणाऱ्या माणसाला 'दर्यावर्दी' म्हणतात. शब्द एकच; पण एका भाषेत तो नदी आहे, तर दुसऱ्या भाषेत समुद्र. आजच्या पाठातला प्रवासही असाच आहे. तो नदीच्या काठावरून निघतो आणि समुद्रावर जातो.

आपण असे समजू, की तुम्ही नाशिकला राहता. गोदावरी तुमच्या रोजच्या ओळखीची आहे. ती त्र्यंबकेश्वरजवळच्या ब्रह्मगिरी पर्वतावर उगम पावते. तेथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर दूर आहे. पण मध्ये सह्याद्रीचा माथा आडवा येतो. म्हणून गोदावरी पूर्वेकडे वळते आणि सुमारे १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. नाशिकच्या नदीला जवळचा समुद्र भेटत नाही. नाशिकच्या मुलांना मात्र तो भेटू शकतो. सकाळी नाशिकरोड स्थानकावर पंचवटी एक्सप्रेसमध्ये बसा. इगतपुरी मागे पडते, कसाऱ्याचा घाट उतरतो आणि दुपार होण्यापूर्वी सुमारे १९० किलोमीटर अंतर कापून तुम्ही मुंबईला पोहोचता. तेथे समुद्र तुमची वाट पाहत असतो.

मुंबईहून समुद्रमार्गे प्रवास करणे ही काही आजची गोष्ट नाही. पूर्वी कोकणात चांगले रस्ते नव्हते आणि रेल्वेही नव्हती. तेव्हा कोकणातली माणसे बोटीनेच गावी जात. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटे. रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत ती पणजीला पोहोचे. पुष्कळ बंदरांत मोठ्या बोटीला किनाऱ्यापर्यंत जाता येत नसे. मग बोट खोल पाण्यात उभी राही आणि किनाऱ्यावरून पडाव येत. गाठोडी, ट्रंका, लहान मुले, म्हातारी माणसे यांना हलत्या बोटीतून हलत्या पडावात उतरवून घेत. खलाशी हात देत आणि मग प्रवासी गावाच्या किनाऱ्याला लागत. पावसाळ्यात समुद्र खवळतो, म्हणून ही वाहतूक बंद राही. 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' या बोटींची नावे जुन्या लोकांना आजही आठवतात. एकोणीसशे ऐंशीच्या दशकानंतर या बोटी राहिल्या नाहीत.

तुमच्या घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसालाही समुद्रप्रवासाची आठवण असेल. मुंबईहून हज यात्रेकरूंची जहाजे जेद्दाहला जात असत. हा प्रवास अनेक दिवसांचा असे. १९९५ साली ही जहाजे बंद झाली आणि सर्व यात्रेकरू विमानाने जाऊ लागले. मोगल लाइन या कंपनीची जहाजे हा प्रवास घडवत. पुढे कोकणच्या बोटीही याच कंपनीकडे आल्या होत्या. तुमचे दादाजान किंवा नानाजान अशा जहाजातून गेले असतील, तर त्यांना त्या प्रवासाबद्दल जरूर विचारा. पुस्तकात नसलेल्या कितीतरी गोष्टी ते तुम्हांला सांगतील.

आता बोटीने गावी जाणारे लोक थोडे आहेत. पण केवळ सहलीसाठी, दोन-तीन दिवस समुद्रावर राहण्यासाठी जाणारे लोक पुष्कळ आहेत. अशा सहलीला 'क्रूझ' म्हणतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये 'आंग्रिया' नावाचे जहाज मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाले. मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांची आठवण करून देणारे हे नाव होते. २०२० मध्ये करोनाची साथ आली आणि ते थांबले. सप्टेंबर २०२१ मध्ये 'एम्प्रेस' हे अधिक मोठे जहाज मुंबईहून सहली काढू लागले. हे जहाज १९९० साली फ्रान्समध्ये बांधले गेले. तीन-चार रात्रींच्या छोट्या सहली डोळ्यांसमोर ठेवूनच त्याची रचना केली होती. त्याची लांबी सुमारे २१० मीटर आहे. त्याला ११ मजले आहेत आणि त्यातून दीड हजारांहून अधिक प्रवासी जाऊ शकतात. जणू एक छोटे गावच पाण्यावर चालले आहे!

अशा सहलीला तुम्ही पाच-सहा मित्रांनी जायचे ठरवले, तर काय काय करावे लागेल? पहिली गोष्ट म्हणजे, घरच्यांची परवानगी आणि बरोबर एक मोठे माणूस. कोणाचे मामू येतील, कोणाचे मोठे भाऊ येतील. लहान मुलांना एकट्याने जहाजावर घेत नाहीत. दुसरी गोष्ट म्हणजे, ओळखपत्र. बंदराच्या फाटकावर ते दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत. तिसरी गोष्ट म्हणजे, योग्य ऋतू. पावसाळा संपल्यावर हिवाळ्यात समुद्र शांत असतो. तो काळ सहलीला चांगला.

चौथी गोष्ट पैशांची. ही सर्वांत नाजूक आहे. पाच मित्रांपैकी एकाच्या अब्बांचे मोठे दुकान असते, दुसऱ्याचे अब्बा यंत्रमागावर काम करतात. पहिल्याला जो खर्च सहज वाटतो, तो दुसऱ्याला महिनाभराचा वाटतो. दुसरा मित्र हे बोलून दाखवणार नाही. तो म्हणेल, "मला बोट लागते, मी येत नाही." अशा वेळी समजदार मित्रांनी काय करावे? सर्वांना झेपेल असा खर्च आधी ठरवावा आणि मगच सहल ठरवावी. समुद्राच्या बाजूची, खिडकीची खोली महाग असते. आतल्या बाजूची, खिडकी नसलेली खोली स्वस्त असते. चार जणांना एका खोलीत राहता येते, त्यामुळे खर्च वाटला जातो. खोलीत आपण झोपायलाच जातो. समुद्र तर वरच्या डेकवरून सगळ्यांना सारखाच दिसतो. जेवणाचे पैसे भाड्यात धरलेले असतात. पण बंदराचा कर, काही खेळ, इंटरनेट आणि गोव्यातली भटकंती यांचे पैसे वेगळे द्यावे लागतात. हेही आधीच विचारून घ्यावे. जहाजावर गेल्यावर एकाने सरबत घेत राहावे आणि दुसऱ्याने खिसा चाचपत बसावे, ही मैत्री नव्हे.

आणि एवढा खर्च कोणालाच झेपत नसेल तर? तरी काही बिघडत नाही. मुंबईत गेटवे ऑफ इंडियापासून घारापुरीला बोटी जातात. तासाभराचा प्रवास आहे. घारापुरीच्या डोंगरात कोरलेली प्राचीन लेणी तुम्हांला पाहायला मिळतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या मोठ्या बोटीत तर मोटारगाड्याही चढवतात. ही सेवा २०२० साली सुरू झाली. थोड्या पैशांत समुद्राची हवा, लाटांचे पाणी आणि मित्रांची सोबत, तिन्ही गोष्टी मिळतात. जहाज लहान की मोठे, यावर सहलीची गोडी अवलंबून नसते.

असो. आपण आता मोठ्या जहाजावर चढू या. सामान तपासले जाते, ओळखपत्र पाहिले जाते आणि खोलीची किल्ली म्हणून एक कार्ड हातात मिळते. तुम्हांला वाटते, की आता धावत वरच्या डेकवर जावे. पण त्याआधी एक काम असते. सर्व प्रवाशांना संकटकाळी कोठे जमायचे, हे दाखवले जाते. संकटाची सूचना कशी मिळते, हे सांगितले जाते. एकापाठोपाठ सात छोटे भोंगे आणि मग एक लांब भोंगा वाजला, तर आपल्या ठरलेल्या जागी जाऊन थांबायचे. जीवरक्षक जाकीट कसे घालायचे, तेही दाखवतात. पुष्कळ प्रवासी या वेळी हसतात, गप्पा मारतात किंवा फोटो काढत राहतात. तुम्ही तसे करू नका.

हा नियम उगीच झालेला नाही. त्यामागे मोठी किंमत मोजलेली आहे. एप्रिल १९१२ मध्ये 'टायटॅनिक' हे प्रचंड जहाज बर्फाच्या पहाडावर आदळून बुडाले. त्यावर असलेल्या सर्व माणसांना पुरतील इतक्या जीवरक्षक नौका त्यावर नव्हत्या. पंधराशे माणसे दगावली. त्यानंतर १९१४ साली अनेक देशांनी एकत्र येऊन समुद्रावरील सुरक्षिततेचे नियम ठरवले. तेच नियम वेळोवेळी सुधारून आज जगभर पाळले जातात. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे सहलीचे जहाज खडकावर आपटले. त्यात ३२ जण मरण पावले. काही प्रवासी नुकतेच जहाजावर चढले होते आणि त्यांचा सराव व्हायचा होता. म्हणून आता जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच हा सराव घेतला जातो.

आपल्या मुंबईजवळची गोष्ट तर याहून अधिक विचार करायला लावणारी आहे. १७ जुलै १९४७ चा दिवस. स्वातंत्र्य महिन्याभरावर आले होते. 'रामदास' नावाची बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या रेवस बंदराकडे निघाली. ऐन पावसाळ्याचे दिवस होते. बोटीत सातशेच्या आसपास माणसे होती. वाटेत समुद्र खवळला. एका मोठ्या लाटेने बोट कलली. घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. मुंबईला कित्येक तास या घटनेचा पत्ताही नव्हता. त्या खवळलेल्या समुद्रात रेवसच्या कोळी बांधवांनी आपल्या होड्या घातल्या आणि जमेल तितक्या माणसांना वर ओढून घेतले.

मित्रांनो, येथे जरा थांबा आणि विचार करा. होडी किंवा बोट पाण्यावर कशी उभी राहते? तिच्या दोन्ही बाजूंना भार सारखा वाटलेला असतो, म्हणून ती तोल सांभाळते. भार एकदम एका बाजूला गेला, की ती त्या बाजूला झुकते. झुकली की माणसे आणखी त्याच बाजूला घसरतात आणि ती अधिकच झुकते. म्हणून लहान बोटीत कोणी डॉल्फिन दिसला म्हणून ओरडले, तरी सगळ्यांनी एका बाजूला धावायचे नसते. गंगापूर धरणाच्या पाण्यात होडीतून फिरताना उभे राहू नका, असे सांगतात, त्याचेही कारण हेच आहे. जमिनीवर एकाने चूक केली, तर बहुधा त्याचे एकट्याचे नुकसान होते. पाण्यावर एकाच्या चुकीने सर्वांचा जीव धोक्यात येतो. आणि एकाने शांत राहून इतरांना जागेवर बसवले, तर सर्वांचा जीव वाचूही शकतो.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियापासून घारापुरीला जाणाऱ्या एका प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. समुद्र शांत होता, दुपारची वेळ होती; तरीही पंधरा जणांचा मृत्यू झाला. बोटीवरील अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. म्हणून बोट लहान असो वा मोठी, प्रवास तासाभराचा असो वा दोन दिवसांचा, जाकीट मागून घ्या. ते मिळाले, की लगेच घाला. "मला पोहता येते," असे म्हणून ते बाजूला ठेवू नका. बरोबरचा मित्र संकोचाने जाकीट मागत नसेल, तर त्याच्यासाठीही तुम्ही मागा.

आता भोंगा वाजतो. जहाज धक्का सोडते. मुंबईच्या उंच इमारती हळूहळू लहान होतात. जहाज दक्षिणेकडे वळते. आता सांगा पाहू, किनारा कोणत्या बाजूला असेल? दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले, की पूर्व डावीकडे येते. म्हणजे कोकणचा किनारा डावीकडे आणि मावळता सूर्य उजवीकडे. रात्री जहाजाच्या डाव्या बाजूला लाल दिवा आणि उजव्या बाजूला हिरवा दिवा लावतात. समोरून येणाऱ्या जहाजाला या दिव्यांवरून कळते, की हे जहाज कोणत्या दिशेने चालले आहे. किनाऱ्यावरची दीपगृहेही ठरावीक अंतराने प्रकाश टाकत असतात. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी असते. त्यावरून खलाशी ते कोणते ठिकाण आहे, हे ओळखतो.

समुद्रावर तुम्हांला आणखी एक गंमत आढळेल. येथे ऐकू येणारे पुष्कळ मराठी शब्द तुमच्या ओळखीचे असतील. जहाज, बंदर, किनारा, तुफान, खलाशी हे शब्द अरबी-फारसीतून उर्दूत आले आणि मराठीतही आले. उर्दूत जहाजाच्या कप्तानाला 'नाखुदा' म्हणतात. कोकणातले कोळी बोटीच्या प्रमुखाला 'नाखवा' म्हणतात. जहाज वळवण्याचे साधन म्हणजे सुकाणू. अरबीत त्याला 'सुक्कान' म्हणतात. उर्दूतला 'मौसम' मराठीत 'मोसम' झाला आणि त्यावरून पाऊस आणणाऱ्या वाऱ्यांना 'मोसमी वारे' हे नाव पडले. असे का झाले? कारण शेकडो वर्षे अरबस्तान, इराण आणि कोकण यांच्यामध्ये याच वाऱ्यांच्या साहाय्याने शिडाची जहाजे ये-जा करत होती. जहाजांतून खजूर आणि घोडे येत, मसाले आणि कापड जाई. मालाबरोबर शब्दही ये-जा करत. त्यांना जकात नव्हती!

पण गंमत पाहता पाहता एखादा मित्र एकदम गप्प होतो. त्याचा चेहरा उतरतो, मळमळू लागते. त्याला बोट लागलेली असते. हा काही भित्रेपणा नव्हे. आपल्या कानाच्या आतल्या भागात शरीराचा तोल सांभाळणारी यंत्रणा असते. खोलीत बसल्यावर डोळे म्हणतात, "सर्व काही स्थिर आहे." कान म्हणतात, "नाही, आपण हलत आहोत." या दोघांचे पटले नाही, की मळमळ सुरू होते. अशा मित्राची थट्टा करू नका. त्याला मोकळ्या हवेत आणा. जहाजाच्या मधल्या भागात बसवा, कारण तेथे हेलकावे कमी जाणवतात. त्याला दूर क्षितिजाकडे पाहायला सांगा. थोडे थोडे पाणी द्या. तेलकट पदार्थ देऊ नका. आणि मुख्य म्हणजे, कोणीतरी त्याच्याजवळ बसा. बाकीच्यांनी आळीपाळीने यावे. एकाला खोलीत टाकून चौघांनी मजा करणे, हे सहलीच्या नावाला शोभत नाही.

जहाज किनाऱ्यापासून दूर गेले, की मोबाइल फोनला सिग्नल मिळत नाही. अकरा मजल्यांच्या जहाजावर हरवलेला मित्र शोधणे सोपे नसते. म्हणून जुनी, साधी पद्धत वापरा. भेटण्याची जागा आणि वेळ आधीच ठरवा. "दर दोन तासांनी जिन्याजवळ," असे ठरले, तर प्रत्येकाने तेथे वेळेवर यावे. रात्री कोणीही एकटे डेकवर जाऊ नये. कठड्यावर चढून फोटो काढण्याचा मोह टाळावा. देव न करो, पण कोणी पाण्यात पडलेच, तर त्याच्यामागे उडी मारू नका. मोठ्याने ओरडा. जवळची तरंगणारी चकती त्याच्याकडे फेका. एकाने खलाशांना बोलवायला धावावे. दुसऱ्याने पडलेल्या माणसाकडे बोट दाखवत उभे राहावे आणि क्षणभरही त्याच्यावरून नजर हटवू नये. लाटांमध्ये माणसाचे डोके नारळाएवढे दिसते. नजर हटली, की ते पुन्हा सापडणे कठीण.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. जहाजावरून प्लॅस्टिकची पिशवी, बाटली किंवा वेष्टन समुद्रात टाकण्यास आंतरराष्ट्रीय नियमांनी पूर्ण बंदी आहे. कासवे तरंगणारी पिशवी जेलीफिश समजून गिळतात आणि मरतात. जेवणाच्या टेबलावर तऱ्हेतऱ्हेचे पदार्थ मांडलेले असतात. हवे तेवढेच घ्या. आपण जे चालते तेच खातो, म्हणून पदार्थ कशाचा आहे, हे विचारायला लाजू नका. तुमच्या शेजारी शाकाहारी मित्र बसला असेल, तर त्याच्यासाठीही विचारा.

दुसऱ्या दिवशी जहाज गोव्याच्या मुरगाव बंदराला लागते. उतरताना एक वेळ सांगितली जाते. त्या वेळेच्या आत परत यायचे असते. आगगाडी चुकली, तर दुसरी मिळते. जहाज चुकले, तर ते तुमच्या डोळ्यांसमोरून निघून जाते आणि तुमचे सामान त्यावर असते. म्हणून गोव्यात सर्व काही पाहण्याचा हट्ट धरू नका. एखादा किल्ला, एखादा समुद्रकिनारा पुरे. पाच जण उतरले, तर चढताना पाच जण मोजा. परतीच्या प्रवासात किनारा कोणत्या बाजूला दिसेल, हे आता तुम्ही स्वतःच सांगू शकाल.

मुंबईला उतरून तुम्ही पुन्हा नाशिकची गाडी धरता. घरी गेल्यावर सगळे विचारतात, "काय काय पाहिले?" तुम्ही सूर्यास्त सांगाल, दीपगृहे सांगाल, उडणारे मासे सांगाल. पण बरोबर आलेल्या वडीलधाऱ्याला लोक वेगळेच विचारतील, "मुले कशी वागली?" त्यांनी जर सांगितले, की ही मुले एकमेकांना सोडून जेवली नाहीत, आजारी मित्राजवळ बसली, सराव चालू असताना गप्प उभी राहिली आणि चढताना प्रत्येक वेळी आपली माणसे मोजली, तर समजा, तुमची सहल खरोखर चांगली झाली. अशा मुलांना त्यांचे घरचे पुढच्या वेळीही आनंदाने पाठवतील.

शब्दार्थ

उगम पावणे – सुरू होणे (नदी)
पडाव – किनाऱ्यापासून मोठ्या बोटीपर्यंत माणसे व माल नेणारी होडी
आरमार – लढाऊ जहाजांचा ताफा
डेक – जहाजाचा वरचा मोकळा मजला
कलणे – एका बाजूला झुकणे
दीपगृह – जहाजांना वाट दाखवणारा उंच मनोरा
क्षितिज – आकाश व पाणी टेकल्यासारखे दिसते ती रेषा, उफुक
जकात – मालावरचा कर
आळीपाळीने – एकामागून एक, बारी-बारीने

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) मराठीत 'दर्या' या शब्दाचा अर्थ काय?
(२) गोदावरी कोठे उगम पावते?
(३) 'रामदास' बोट कोणत्या बंदराकडे निघाली होती?
(४) जहाजाच्या उजव्या बाजूला कोणत्या रंगाचा दिवा लावतात?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) कोकणच्या बोटी पावसाळ्यात बंद का राहत?
(२) बोट लागलेल्या मित्रासाठी काय करावे?
(३) लहान बोटीत सर्वांनी एका बाजूला का धावू नये?

प्र. ३. सात-आठ वाक्यांत उत्तर लिहा.
पाच मित्रांपैकी एकाला सहलीचा खर्च झेपत नाही. इतर चौघांनी काय करावे, असे तुम्हांला वाटते?

प्र. ४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
(१) चेहरा उतरणे (२) तोल सांभाळणे (३) पत्ता नसणे

प्र. ५. पुढील मराठी शब्दांसाठी उर्दू शब्द लिहा.
(१) समुद्र (२) प्रवास (३) मित्र (४) वारा

उपक्रम : तुमच्या घरातील किंवा मोहल्ल्यातील ज्या वडीलधाऱ्या व्यक्तीने जहाजाने प्रवास केला असेल, त्यांना भेटा. त्यांची आठवण मराठीत दहा ओळींत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.